लवू परबने डबा नाकारला तो दिवस

लालबागच्या कुठल्याही चाळीत जाऊन सांगा, की लवू परबने डबा न्यायला नाही म्हटलं. ऐकणारा आधी हसेल, मग तुमच्याच कपाळाला हात लावून ताप बघेल. सूर्य माहीमच्या खाडीतून उगवला म्हणालात तर एकवेळ खपून जाईल, पण लवू आणि नाही? छे! पण ते घडलं. मागच्या वैशाखात, एका बुधवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी घडलं, आणि त्या एका 'नाही'ने दुपारपर्यंत अर्धं गिरणगाव रस्त्यावर आणलं.

लवू म्हणजे पाच फूट दोन इंचांचा माणूस, मिशी मात्र सहा फुटी माणसाची. बाप गिरणीत होता, लवू टॅक्सीत गेला. एकतीस वर्षं काळीपिवळी चालवली. त्या टॅक्सीला मीटर होता, परमिट होतं, पण तिचा खरा धंदा होता 'जाताजाता'. "लवू, फोर्टात चाललायस ना? मग जाताजाता हा कुकर रिपेरीला टाक." "लवूदादा, जाताजाता एवढी चादर माहीमला मावशीकडे." आता फोर्ट एका टोकाला आणि माहीम दुसऱ्या, पण जाताजाताला असले भूगोलाचे नियम लागू नाहीत. माणूस घरातून निघाला आणि त्याच्या बुडाखाली चार चाकं आहेत, एवढं पुरतं. तो तुमच्या वाटेवर नसेल तर वाट त्याच्याकडे वळते.

आणि लवूलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. कुणाचा डबा पोचवला की तो दोन दिवस छाती काढून चालायचा.

मग शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षं भरली, सरकारी नियमाने ती भंगारात गेली आणि लवू घरी बसला. सात महिने. त्या सात महिन्यांची आठवण काढली की त्याची बायको शेवंती अजून कानाला हात लावते. हा माणूस चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साइड द्यायचा. "घे, घे, लेफ्ट मार, निघेल, निघेल." बिचाऱ्या बायका पाण्याच्या कळशा घेऊन चाललेल्या! रात्री झोपेत ब्रेक मारायचा, ती लाथ शेवंतीला. जेवण कमी झालं, बोलणं बंद झालं, मिशीसुद्धा खाली आली. शेवंतीला मनातून भीती वाटली, की हा असाच बसून बसून संपणार. शेवटी तिने नणंदेला फोन केला. "वन्सं, तुमच्या भावाला कुठेतरी चिकटवा, नाहीतर मी गावाला जाते."

नणंद म्हणजे नलू, लवूची थोरली बहीण, ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहणारी. तिचा मुलगा अजित. दादरला त्याचं ऑफिस, तीन गाड्या, बोर्डावर आईच्या नावाने 'नलिनी टूर्स'. पाहुण्यांना खाजगी गाडीतून मुंबई दाखवायची. अकरा ठिकाणं, आठ तास, एसी, पाण्याची बाटली फुकट. अजितने मामाला एक पांढरी सात सीटर दिली. स्टिअरिंगला हात लागला आणि लवूची मिशी परत वर गेली.

पण सवय जाते कुठे?

पहिली तक्रार इंदूरच्या नवराबायकोची. त्यांच्या सीटखाली लालबागच्या गल्लीत भाजलेली चार किलो मिरची होती, परळच्या कुणाच्या तरी वर्षाच्या मसाल्याची, जाताजाता डंकावर कुटायला टाकायची. एसी लावला आणि ते नवं जोडपं गेटवेपर्यंत शिंकत गेलं. सगळ्या फोटोंत दोघांचे डोळे मिटलेले. दुसरी तक्रार दिल्लीच्या व्यापाऱ्याची, ज्याने पंख्याची तीन पाती मांडीवर घेऊन सी लिंक पाहिला. तिसरी ऑस्ट्रेलियातून आलेल्या बाईची. तिच्या तक्रारीत एवढंच होतं, की पिशवीत किती कुर्ल्या होत्या ते ड्रायव्हरने मोजलेलं नव्हतं, त्यामुळे सगळे खेकडे सापडले की नाही हे कुणालाच सांगता आलं नाही.

अजितने मामाला ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, मग म्हणाला, "मामा, बस झालं. यापुढे गाडीत कुणाचा एक डबा, एक पिशवी, एक चिठ्ठी जरी दिसली ना, तर चावी इथे टेबलावर. मग तू आणि तुझी गॅलरी."

लवूला गॅलरी दिसली, ती खुर्ची दिसली. "वेतोबाची शपथ," तो म्हणाला, "टाचणीसुद्धा घेणार नाय." आरवलीच्या वेतोबाची शपथ म्हणजे साधी गोष्ट नाही. ती मोडायची तर देवाला केळ्यांचा घड द्यावा लागतो, आणि तोही आपण होऊन नाही, ज्याच्यासाठी शपथ घेतली त्याच्या हातून.

तर तो बुधवार. लवू खाली उतरला तेव्हा शेवंती डबा घेऊन मागे आली. नलूच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता, आणि तिला तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं खायची तलफ आली होती. शेवंतीने पहाटे उठून केलेलं. "ठाकूरद्वारवरूनच जाल ना? जाताजाता द्या."

लवूने डोळे मिटले. "नाही."

"काय नाही?"

"डबा नाही. गाडीत डबा नाही."

शेवंतीने त्याच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या माणसाला हे 'बरं' कळतं. त्यापेक्षा तिने डबा डोक्यात घातला असता तरी चाललं असतं. पण लवू गाडीत बसला आणि निघाला. गेटपर्यंत आणखी तिघांना नाही म्हणाला. एकाच्या हातात तर नुसतं लग्नपत्रिकेचं पाकीट होतं. तो माणूस पाकीट धरून तसाच उभा राहिला.

पाहुणे दादरच्या लॉजमधून घ्यायचे होते. अकोल्याचे इंगळे. कौसल्याबाई इंगळे, निवृत्त मुख्याध्यापिका, नाकावर चष्मा, हातात वही, वहीत अकरा ठिकाणांची यादी आणि कानामागे पेन. मागे त्यांचे यजमान शामराव, ज्यांनी चाळीस वर्षांच्या संसारात जे काही बोलायचं होतं ते बाईंवर सोपवलं होतं. लग्नाच्या वाढदिवसाला कॅनडातल्या मुलीने ही सहल भेट दिली होती, अट एकच, प्रत्येक ठिकाणाचा फोटो पाठवायचा.

"मुंबईला आम्ही तीसेक वेळा आलो," बाई गाडीत बसताबसता म्हणाल्या. "पण दरवेळी सहा डिसेंबरला. चैत्यभूमीवर जायचं, बाबासाहेबांना वंदन करायचं, शिवाजी पार्कात पुस्तकं घ्यायची आणि परतीची गाडी पकडायची. त्याच्या पलीकडे मुंबई आहे हे ऐकून आहो, पाहिली नाही."

म्हणून सुरुवात तिथूनच झाली. गर्दी नसलेली चैत्यभूमी त्या दोघांनी पहिल्यांदाच पाहिली. दोघं बराच वेळ आत बसले. बाहेर आल्यावर बाईंनी यादीवर पहिली खूण केली. सगळं कसं छान चाललं होतं. लवूने अजितने लिहून दिलेला कागद पाठ केला होता. गेले आठ दिवस चाळीच्या गॅलरीत येरझारा घालत त्याने तो इतक्या मोठ्याने घोकला होता, की किती वाजता कुठलं ठिकाण हे अख्ख्या चाळीला पाठ झालं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इकडे शेवंतीने नलूला फोन लावला. "वन्सं, आज डबा येणार नाही. ह्यांनी घेतला नाही." बस, एवढंच बोलली ती.

नलूने परळला चुलतभावाला, वसंताला, विचारलं, "लवून डबो घेतल्यान नाय. काय झाला असात रे?" वसंताने विचार केला. लवू डबा घेत नाही, म्हणजे उचलवत नसणार. उचलवत नाही, म्हणजे हातात ताकद नाही. हातात ताकद नाही, म्हणजे... वसंताने कपाळाला हात लावला. मग त्याने चाळकरी आणि नातेवाईक एकत्र असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'लवूची तब्येत बरी नाही.' खाली पाकीटवाल्याने लिहिलं, 'सकाळी मला पण वेगळाच वाटला. कार्ड पण घेतलं नाही.' मग काय, पेटलं.

बोरीबंदरच्या स्टेशनासमोर लवू रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाठ केलेलं म्हणत होता, की ही इमारत अमुक साली पुरी झाली आणि घुमटावर तमुक पुतळा आहे, आणि बाई शामरावांना "सरळ उभे राहा, दात दाखवू नका" करत फोटो काढत होत्या. एवढ्यात चाळीतला राहुल धावत आला. तो तिथे जवळच नोकरीला. हातात शहाळं, गळ्यात ऑफिसचं कार्ड, डोळे पाणावलेले.

"काका, उभे कशाला राहिलात? बसा. हे घ्या, दोन घोट तरी."

आता एक सांगायला हवं. आपल्याकडे आजाऱ्याला त्याचा आजार कधी सांगायचा नसतो. त्यामुळे राहुलने काय झालं, कुणी सांगितलं, याचा चकार शब्द काढला नाही. नुसता केविलवाणा बघत राहिला. आणि लवूच्या डोक्यात वेगळाच प्रकाश पडला. हा अजितचा डाव! परीक्षा घेतोय भाचा! माणसं पाठवून बघतोय, मामा घेतो की नाही.

"नको," लवू ताठ म्हणाला. "मी काही घेत नाही."

राहुलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने शहाळं मुकाट शामरावांच्या हातात दिलं, "तुम्ही ठेवा, ते शांत झाले की पाजा," आणि गेला. शामरावांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी शहाळं घेतलं आणि थोड्या वेळाने पिऊन टाकलं.

ग्रुपवर राहुलचा निरोप पडला, 'शहाळं पण जात नाही.'

राजाबाई टॉवरपाशी परळची एक मावशी अंगारा घेऊन हजर. लवूने तोंड फिरवलं. म्युझियमच्या दारात लवूच्या साडूने मऊ भात आणला, स्टीलच्या डब्यात, वर लिंबाची फोड. लवू म्हणाला, "अजितला सांग, मी फसणार नाय." साडूने मान हलवली, डोळे पुसले आणि जाऊन लिहिलं, 'बरळायला लागला.' प्रत्येक वेळी सामान शामरावांच्या खिडकीतून आत आलं. अंगारा, भात, कुणीतरी दिलेला केळ्यांचा घड, वाफ घ्यायचं मशीन, एक उशी. बाई यादीवर खुणा करत होत्या खऱ्या, पण फोटो बघून त्यांची भिवई वर चढत चालली होती. टॉवरसमोर शामराव आणि एक रडणारी बाई. म्युझियमसमोर शामराव आणि एक रडणारा माणूस. कॅनडाहून मुलीचा प्रश्नही आला, 'आई, हे कोण लोक आहेत? बाबा ठीक आहेत ना?'

शेवटी त्यांनी विचारलं, "परबभाऊ, तुम्हाला काही आजार आहे का? हे पहा, लपवू नका. गाडीत आम्ही बसलो आहो."

"मी? ठणठणीत!"

"असंच म्हणत असते माणूस," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शामरावांना पुढच्या सीटवर बसवलं, वेळ आलीच तर स्टिअरिंग धरायला. शामरावांना लूना तेवढी येत होती.

गेटवेला कळस झाला. 'सन एकोणीसशे चोवीस,' एवढं लवूने म्हटलं आणि समोरून वसंता आला. काखेत कोंबडी. जिवंत, गावठी, सुपासाठी. त्याने लवूला मिठीच मारली, कोंबडी मध्ये, आणि हंबरडा फोडला. "लवू, माफ कर रे मला! चौथीत असताना तुझा लाल भोवरा हरवला ना, तो मी चोरला होता!"

"तू चोरलास?" लवू ओरडला. पन्नास वर्षं तो भोवऱ्याचा आळ त्याने दुसऱ्याच पोरावर ठेवला होता. पण वसंता थांबला कुठे? कोंबडी शामरावांच्या हातात देऊन तो पदरात तोंड लपवणाऱ्या बाईसारखा रुमालात तोंड लपवून निघून गेला. जाताना ग्रुपवर एवढंच लिहिलं, 'शेवटची भेट झाली.' गेटवेचा फोटो निघाला तो असा, मागे कमान, समोर शामराव, काखेत कोंबडी. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत शामराव हसले आहेत तो हाच एक.

मरीन ड्राइव्हला गाडी उभी केली तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला लवूचा फोन सुतारपक्ष्यासारखा टकटकत होता. कामावर फोन घ्यायचा नाही ही अजितची अट, म्हणून लवूने त्याला हात लावला नव्हता. बाईंनी मात्र शामरावांना कप्पा उघडायला लावला आणि फोन हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला, आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा वाचायला लागल्या.

"भावपूर्ण श्रद्धांजली. आमचे लाडके लवूदादा परब..."

"कोण?" लवू म्हणाला.

बाईंनी फोन त्याच्यापुढे धरला. अजितच्या लग्नातला फोटो. फेटा बांधलेला लवू, शेजारची शेवंती कापून टाकलेली, चहूबाजूंनी झेंडूची चौकट. खाली सेहेचाळीस जोडलेले हात. कुणी लिहिलेलं, 'देवमाणूस गेला.' कुणी लिहिलेलं, 'आता आमचं सामान कोण नेणार?' आणि सगळ्यात खाली, 'या दुःखद प्रसंगी विचारू नये, पण त्यांच्याकडे माझा कुकर होता, तो कुठे मिळेल?'

लवू आधी हसला. खदाखदा हसला. मग एकदम थांबला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "नलू," तो म्हणाला. "बाई, माझी बहीण! तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी बजावलंय, महिनाभर रडायचं नाही. टाके तुटतील." फोन लावला, नलू उचलेना. शेवंती उचलेना. ठाकूरद्वार तिथून पाच मिनिटांवर. पण अजून पाच ठिकाणं बाकी, आणि पाहुण्यांची गाडी स्वतःच्या बहिणीच्या दारात नेली, तर चावी गेली, गॅलरी आली. हे सगळं लवूच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"बाई, तुमची यादी राहिली," तो म्हणाला.

"यादी कुठं पळून चालली का? काय बसून राहिले तुम्ही, वळवा ना गाडी!" मुख्याध्यापिका रागावल्या की त्यांचं वऱ्हाडी बाहेर यायचं. लवूने गाडी वळवली.

वाडीच्या तोंडाशी माणसं जमलेली; लवू या भागातच गेला, म्हणजे आधी बहिणीच्याच घरी आणतील, असा सगळ्यांचा हिशोब. दोघाचौघांनी पांढरे सदरे घातले होते, एकजण बांबूबद्दल कुणाशी तरी फोनवर बोलत होता. लवू गाडीतून उतरला आणि त्याने फोन खिशात टाकला. "घाबरू नका, मीच आहे," असं लवू म्हणाला, त्यामुळे दोघं जास्तच घाबरले.

जिन्यातच शेवंती भेटली. तिने ग्रुप वाचला आणि टॅक्सी करून थेट आली होती. केस सुटलेले, एका पायात त्याची चप्पल, एका पायात तिची, आणि हातात सकाळचा तोच डबा. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जिवंत आहात?"

"आहे."

"मग हा धरा!" तिने डबा त्याच्या छातीवर आदळला आणि भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली.

आत पलंगावर नलू बसलेली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा घट्ट मिटून धरलेला, मुठी आवळलेल्या, सबंध अंग ताठ. ती रडत नव्हती. तासभर ती न रडण्याचं काम करत होती. लवू जवळ गेला, म्हणाला, "नलूताय, डबो हाडलंय गो." तिने आवाज ओळखला, हात पुढे केला, त्याची मिशी चाचपली आणि फाडकन एक थोबाडीत ठेवून दिली.

"मेल्या! आईन सुद्धा मरताना माका डबो धाडल्यान, तुझ्याच हातान. तू डबो घेतलस नाय म्हटल्यार माका वाटला, तू गेलस!"

लवू गाल धरून तिच्या पायाशी खाली बसला.

"रड," नलू म्हणाली. "तू रड. माका रडाक बंदी हा."

आणि लवू रडला. गाल चोळत, मिशी भिजवत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून साठीचा माणूस लहान पोरासारखा रडला, दोघांच्या वाटचं. कौसल्याबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी चष्मा काढून पुसला. शामराव कोंबडी घेऊन उभे होते.

मग डबा उघडला. इंगळ्यांनी तिसऱ्या कधी खाल्ल्या नव्हत्या. शामरावांनी एक शिंपली हातात घेऊन सगळीकडून पाहिली आणि त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "याचं दार कुठून आहे?" तिसऱ्या शिंपलीनंतर दुसरं बोलले. "अजून आहे?"

उरलेल्या पाच ठिकाणांपैकी चौपाटी झाली, तीही काचेतून. संध्याकाळी गाडी दादरला ऑफिससमोर थांबली. अजित बाहेर आला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. शुभ सकाळचे निरोप नकोत म्हणून त्याने तो ग्रुप केव्हाच सोडला होता. त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. डबे होते, उशी होती, मशीन होतं, केळी होती, आणि या सगळ्यावर कोंबडी बसली होती.

अजितने नुसता हात पुढे केला. लवूने चावी काढली. तिला अडकवलेला वेतोबाचा छोटा फोटो सोडवून खिशात ठेवला आणि चावी त्या हातावर ठेवली. त्याला सबब सांगायची नव्हती. बहिणीला भेटलो, ते बरं केलं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"थांबा," कौसल्याबाई म्हणाल्या. "यांचा गुन्हा काय?"

"मॅडम, सॉरी. हे लोकांचं सामान पाहुण्यांच्या गाडीतून नेतात."

"लोकांचं कुठलं? हे सामान माझं आहे."

अजितने गाडीत पाहिलं. "हा भाताचा डबा?"

"माझा."

"वाफेचं मशीन?"

"मला दमा आहे." बाईंनी दाखवण्यापुरतं खोकून घेतलं.

"आणि ही कोंबडी?"

आता मात्र बाई अडल्या. चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका सांगितलेलं, कोंबडीपाशी ते आडवं आलं. तेव्हा शामराव पुढे झाले. "माझी," ते म्हणाले. "मी हिला सोबत आणतो. नेहमी."

एवढ्यात अजितचा फोन वाजला. आईचा. तिचा आवाज पलीकडच्या फुटपाथपर्यंत ऐकू येत होता. मामाला डबा न्यायला बंदी कोणी केली, कोणाच्या नावाने बोर्ड लावलायस, आणि डोळ्यात घालायचे थेंब आणतो म्हणालास त्याला आज तिसरा दिवस. अजित सात वेळा "हो आई" म्हणाला. मग तो आत गेला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा एका हातात चावी आणि दुसऱ्यात थेंबांची बाटली होती. दोन दिवस ड्रॉवरमध्येच पडून होती. दादर ते ठाकूरद्वार, मालकाला वेळ झाला नव्हता.

त्याने मान खाली घालून दोन्ही गोष्टी पुढे केल्या. "मामा, घरी चाललायस ना? मग... जाताजाता..."

लवूने हात मागे घेतले. "गाडीत पिशवी चालत नाय, शेठ. मी वेतोबाची शपथ घेतलीय."

"मग सोडव ना ती!"

"तुझ्या हातून केळ्यांचा घड लागतो."

शामरावांनी न सांगता गाडीतला घड काढून अजितच्या हातात दिला. अजितने तो मामाला दिला. "पण हा आरवलीला देवापुढे जायला हवा ना? तिथे कोण नेणार?"

लवूने चावी घेतली, थेंब वरच्या खिशात नीट ठेवले आणि मिशीवरून हात फिरवला. "वसंता परवा गावाला चाललाय," तो म्हणाला. "माझ्या भोवऱ्याचं देणं आहे त्याच्याकडे. जाताजाता नेईल."